देवाला ‘तू’ म्हणताना: हिब्रू व्याकरण आणि मराठी बायबलमधली सर्वनामं

गेल्या वर्षी निपाणीत आजोबांच्या वर्षाची मिस्सा होती. स्तोत्र वाचायचं काम माझ्याकडं आलं. स्तोत्र होतं तेविसावं, मेंढपाळाचं. आदल्या रात्री सराव करताना मला त्यातला ‘तू’ खटकायला लागला. आमच्या घरात पप्पांना ‘तुम्ही’, आजोबांना ‘तुम्ही’, फादरांना तर ‘आपण’. मग ज्याच्यापुढं हे सगळे गुडघे टेकतात त्याला एकेरी हाक का मारायची? मी पेन्सिल घेतली आणि माझ्या झेरॉक्सवर प्रत्येक ‘तू’च्या जागी ‘आपण’ लिहिलं. क्रियापदंही नीट जुळवून घेतली. दुसऱ्या दिवशी तसंच वाचलं.

मिस्सा संपल्यावर बाहेर चहा घेताना आज्जी म्हणाली, “देवाला कशाला गं अहो-जाहो करालीस? परका हाय काय त्यो?”

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. रागही आला, कारण मी आदर वाढवला होता, कमी केला नव्हता. पुढं बेळगावात एका फादरांकडं शनिवारी दहा आठवडे आम्ही चौघंजण हिब्रूची बाराखडी आणि थोडं व्याकरण शिकलो. सेमिनरीत शिकलेलं ते आम्हाला हौसेनं शिकवत होते. त्या दहा आठवड्यांत मला हळूहळू कळलं की आज्जीचा प्रश्न व्याकरणाचा होता, आणि बरोबर होता. मंडळाच्या या अंकासाठी तोच अभ्यास मांडते आहे. मी हिब्रूची जाणकार नाही. पण मराठी आपली आहे, आणि या विषयात निम्मं काम मराठीचंच आहे.

हिब्रूतले चार ‘तू’

इंग्रजीत समोरच्यासाठी एकच शब्द आहे, ‘यू’. हिब्रूत चार आहेत: एका पुरुषाला ‘अत्ता’, एका बाईला ‘अत्त’, अनेक पुरुषांना ‘अत्तेम’ आणि अनेक बायकांना ‘अत्तेन’. म्हणजे समोर कोण आहे आणि किती जण आहेत, हे हिब्रू सांगते. पण समोरचा मोठा की लहान, जवळचा की लांबचा, हे या चारांपैकी एकही शब्द सांगत नाही. राजालाही ‘अत्ता’, गुराख्यालाही ‘अत्ता’, देवालाही ‘अत्ता’.

मराठीचं उलटं आहे. ‘तू, तुम्ही, आपण’ यांत लिंग नाही, पण नातं आहे. तोंड उघडल्याबरोबर आपल्याला ठरवावं लागतं की समोरचा आपला कोण. त्यामुळं हिब्रूतून मराठीत येणाऱ्या प्रत्येक संवादात अनुवादकाला असा एक निर्णय घ्यावा लागतो जो मूळ लेखकानं कधी घेतलेलाच नाही.

रूथचं उदाहरण घ्या. विधवा सून आपल्या सासूला सोडून जायला नकार देते. हिब्रूत रूथ नामीला साध्या स्त्रीलिंगी एकवचनात बोलते. मराठीत काय करायचं? आमच्या भागात सून सासूला ‘तुम्ही’च म्हणते. ‘तुम्ही’ घातलं तर रूथ आपल्या घरातली सून वाटते, पण दोघींमध्ये एक पाट मांडल्यासारखं अंतर येतं. ‘तू’ घातलं तर ती लेक होते. दोन्ही अनुवाद बरोबर, पण दोन्हींत रूथ वेगळी.

मग हिब्रू माणसं आदर दाखवत नव्हती का? दाखवत होती, पण सर्वनामातून नाही. समोरच्याला ‘माझा स्वामी’ म्हणायचं आणि स्वतःला ‘तुझा दास’. बऱ्याचदा क्रियापदही तृतीय पुरुषी वापरायचं, आपण ‘महाराजांनी ऐकावं’ म्हणतो तसं. संस्कृतातलं ‘भवान्’ असंच चालतं. उत्पत्तीच्या ३३ व्या अध्यायात याकोब वीस वर्षांनी भावाला भेटतो तेव्हा भीतीपोटी एसावला पुन्हा पुन्हा ‘माझा स्वामी’ म्हणतो. एसाव मात्र त्याला ‘माझ्या भावा’ म्हणून उत्तर देतो. सगळं भांडण आणि सगळी माफी त्या दोन संबोधनांत आहे. अनुवादकानं दोघांच्याही तोंडी सरसकट ‘आपण’ घातलं, तर ती माफी दिसेनाशी होते.

देव आला की देव आले?

आता माझ्या पेन्सिलीकडं येते. बायबलच्या पहिल्याच वाक्यात देवासाठी ‘एलोहीम’ हा शब्द आहे. ‘-ईम’ हा हिब्रूतला पुल्लिंगी अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे रूपानं शब्द अनेकवचनी. पण त्याच्याबरोबरचं क्रियापद ‘बारा’, म्हणजे ‘निर्माण केलं’, हे एकवचनी आहे. इतर राष्ट्रांच्या देवतांबद्दल बोलताना हाच शब्द खऱ्या अनेकवचनात येतो आणि क्रियापदही सहसा अनेकवचनी होतं. इस्राएलाच्या देवाबद्दल मात्र नाम मोठं आणि क्रियापद एकटं. व्याकरणकार याला थोरवीचं अनेकवचन म्हणतात. ते फक्त देवापुरतं नाही. इजिप्तचा कारभारी झालेल्या योसेफाबद्दल त्याचे भाऊ बोलतात तेव्हा एकट्या योसेफासाठीही ‘स्वामी’ हा शब्द अनेकवचनी रूपातच येतो.

मराठीत आदराचं अनेकवचन असतं ते क्रियापदात. ‘बाबा आले’, ‘सर म्हणाले’. नाम एकटं, क्रियापद मोठं. हिब्रूच्या बरोबर उलट.

मग मराठी बायबलात ‘देव म्हणाला’ असं एकेरी का? मला आधी वाटायचं की परदेशी मिशनऱ्यांना आपली आदराची रीत कळली नसावी. आता तसं वाटत नाही. ‘देव’ या शब्दाचं मराठी अनेकवचन सांगा बघू. ‘देव’च! एक देव, तेहतीस कोटी देव. शब्द बदलत नाही. एक की अनेक, ते फक्त क्रियापद सांगतं. ‘देव आले’ म्हटलं की एक देव आदरानं आले की पुष्कळ देव आले, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. ज्या ग्रंथाचा सगळा आग्रह देव एकच आहे यावर आहे, त्यात हा संशय परवडणारा नाही. म्हणून ‘देव म्हणाला’. नाम काहीही असो, एकपण क्रियापदानं राखायचं. ‘एलोहीम बारा’मध्ये हिब्रू नेमकं हेच करते.

आणि आपल्या सीमाभागातली गंमत पुढंच आहे. माझी हॉस्टेलमधली मैत्रीण कन्नड बायबल वाचते. कन्नडमध्ये देवासाठी रोजचा शब्द ‘देवरु’. त्यातला ‘-रु’ हा आदराचा, अनेकवचनी प्रत्यय. पण बायबल सोसायटीच्या जुन्या कन्नड बायबलात पहिल्या वाक्याचं क्रियापद आहे ‘उंटुमाडिदनु’, एकवचनी पुल्लिंगी. नाम अनेकवचनी रूपाचं, क्रियापद एकवचनी: हुबेहूब ‘एलोहीम बारा’! हिब्रूतली जी गोष्ट मला समजून घ्यायला तीन शनिवार लागले, ती तिच्या उशाखालच्या पुस्तकात लहानपणापासून होती. एका खोलीत दोन भाषा नांदत असल्याचा हा फायदा.

आपण की आम्ही?

त्याच अध्यायाच्या २६ व्या ओवीत देव माणूस घडवायचं ठरवतो, आणि तिथं क्रियापद अचानक अनेकवचनी प्रथमपुरुषी होतं: ‘नाआसे’, म्हणजे ‘करू या’. पुढच्याच ओवीत ते परत एकवचनात येतं. हे ‘करू या’ कोण कुणाला म्हणतंय? कुणी म्हणतं, देव स्वतःशीच विचार करतोय. कुणी म्हणतं, देवदूतांच्या दरबारात बोलतोय. चर्चच्या प्राचीन आचार्यांनी इथं त्रैक्याची चाहूल ऐकली. हिब्रूतलं ‘आम्ही’ सगळ्यांना पुरतं, त्यामुळं प्रश्न उघडा राहतो.

मराठीत तो उघडा ठेवता येत नाही. आपल्याकडं ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर असतो, ‘आपण’मध्ये आत. देवानं इथं ‘आम्ही’ म्हटलं तर ते राजाचं फर्मान होतं. ‘आपण’ म्हटलं तर तो संवाद होतो, कुणीतरी सोबत असतं. मराठी अनुवाद ‘आपण’च्या वाटेनं जातात. म्हणजे सर्वनाम निवडता निवडता अनुवादकानं ईशज्ञानातही एक पाऊल टाकलेलं असतं.

कन्नडमध्ये दोन्हींसाठी ‘नावु’ एकच. म्हणून घरी कन्नड बोलणारे आमचे मित्र मराठीत सहज म्हणतात, “चल, आम्ही कँटीनला जाऊ या.” आपण हसतो. पण या ओवीपुरती त्यांची भाषा आपल्यापेक्षा हिब्रूच्या जवळ आहे.

मम्रेच्या झाडांखालचे पाहुणे

सर्वनामांचा सगळ्यात मोठा गुंता उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायात आहे. ऐन उन्हाच्या वेळी अब्राहाम तंबूच्या दारात बसलाय. परमेश्वर त्याला दर्शन देतो, असं आधीच सांगितलंय. पण अब्राहाम डोळे वर करून बघतो तर तीन माणसं. तो धावत जातो आणि बोलायला लागतो: आधी एकवचनात, जणू समोर एकच आहे. पुढच्या वाक्यात पाय धुवायला सांगताना अनेकवचनात. नंतर साराची चौकशी करताना ‘ते’ म्हणतात, आणि लगेच मुलाचं वचन देताना ‘तो’ म्हणतो. एक की तीन? हिब्रू वाचक या बदलाशी अडखळतो, आणि ते अडखळणंच महत्त्वाचं आहे.

मराठीत अब्राहामानं आधी ‘तू’ आणि मग ‘तुम्ही’ म्हटलं तर आपल्याला काय वाटेल? आपण म्हणू, आधी एकेरीवर आला आणि मग सावरला! आपला ‘तुम्ही’ संख्येसाठीही आहे आणि आदरासाठीही. त्यामुळं मूळचं संख्येचं कोडं मराठीत शिष्टाचाराची चूक वाटू शकतं. पहिल्यापासून ‘आपण’ घातलं तर वाक्य छान वाहतं, पण कोडं पुसलं जातं. इंग्रजी ‘यू’मध्ये तर ते दिसतच नाही. १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या काळात इंग्रजीत एकाला वेगळा आणि अनेकांना वेगळा शब्द होता, तोही आता गेला.

अब्राहामाच्या पहिल्या हाकेतही असाच पेच आहे. मूळ हिब्रू लिखाण व्यंजनांचं. स्वरांच्या खुणा मासोरा परंपरेच्या पंडितांनी साधारण सातव्या ते दहाव्या शतकात घातल्या. अब्राहामाच्या तोंडी चार अक्षरं आहेत: आलेफ, दालेत, नून, योद. ती ‘अदोनी’ वाचली तर ‘माझ्या स्वामी’. ‘अदोनाय’ वाचली आणि शेवटचा स्वर ऱ्हस्व ठेवला तर ‘माझ्या स्वामींनो’, दीर्घ केला तर खुद्द प्रभू परमेश्वर. मोडी कागद वाचणाऱ्यांना हा अनुभव असेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, संदर्भावरून ओळखावे लागतात. इथं मासोरा पंडितांनी दीर्घ स्वर दिला. एका मात्रेएवढ्या खुणेनं अब्राहामानं पाहुण्यांना ओळखलं होतं की नव्हतं, ते ठरलं.

मराठीतून हिब्रू

हा सगळा झगडा मराठीत कुणी आधी केला असेल? शोधायला लागले तर दोन टप्पे सापडले. पहिला १८३२ चा. मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूच्या प्राथमिक व्याकरणाचं मराठी पुस्तक काढलं, ते कोकणातल्या बेने इस्राएल समाजासाठी. हे ज्यू लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून गावात ‘शनिवार तेली’. आडनावं पेणकर, राजपूरकर अशी गावांवरून. प्रार्थनेची भाषा हिब्रू, घरची मराठी. त्यांच्यासाठी हिब्रू शिकायची वाट मराठीतून गेली, इंग्रजीतून नाही. माझ्यासाठी ही बातमी होती, कारण मी आमच्या शनिवारच्या वर्गात इंग्रजी पुस्तक घेऊन बसले होते. ‘अत्तेम’चा अर्थ ‘यू’ असं वहीत लिहून मी गोंधळत होते, ‘तुम्ही सगळे’ असं लिहिल्यावर सुटले.

दुसरा टप्पा पंडिता रमाबाईंचा. जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. म्हणजे त्याही आपल्यासारख्या, या राज्यात जन्मून मराठीत लिहिणाऱ्या. संस्कृत त्यांना लहानपणापासून मुखोद्गत होतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, उतारवयात, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल त्यांनी मूळ भाषांवरून मराठीत आणलं. आश्रमातल्या बायकाच खिळे जुळवत, छपाई करत. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. त्या कॅथलिक नव्हत्या. पण जे काम आमच्या चर्चनं १९६५ मध्ये ‘देई वेर्बुम’ या दस्तऐवजात सांगितलं, की अनुवाद शक्यतो मूळ भाषांवरून व्हावेत, ते एका मराठी बाईनं चाळीस वर्षं आधी करून ठेवलं होतं. संस्कृत येत असून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशी मराठी धरली.

लिहायचं एक, वाचायचं दुसरं

हिब्रूतला आदर दिसतो तो सगळ्यात जास्त न बोलण्यात. देवाचं चार व्यंजनांचं नाव पोथीत लिहिलेलं असतं, पण वाचणारा ते उच्चारत नाही, त्याऐवजी ‘अदोनाय’ म्हणतो. लिहिलेल्याला ‘केतीव’ म्हणतात आणि वाचायच्या शब्दाला ‘केरे’. २००८ मध्ये व्हॅटिकननं कॅथलिक उपासनेतही ते नाव उच्चारू नये असं कळवलं. आपल्या मराठी वाचनांत ‘प्रभू’ किंवा ‘परमेश्वर’ येतं त्यामागं ही परंपरा आहे.

वर्गात हे ऐकलं आणि मला आज्जी आठवली. पेन्शनच्या फॉर्मवर तिनं आजोबांचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. कारकुनानं “नाव वाचा आज्जी” म्हटलं तर म्हणाली, “ह्यांचं.” पन्नास वर्षांच्या संसारात तिनं ते नाव तोंडानं घेतलं नाही. केतीव आणि केरे मला त्यानंतर पाठ करावं लागलं नाही.

तीच आज्जी, जी नवऱ्याचं नाव घेत नाही आणि त्याला ‘अहो’ म्हणते, देवाला मात्र ‘तू’ म्हणते. आईलाही आपण ‘तू’च म्हणतो ना. वारकऱ्यांनी विठ्ठलाला माउली म्हटलं आणि ‘तू’ म्हटलं. मराठीत ‘तू’ दोन टोकांना असतो: जिथं मान नाही तिथं, आणि जिथं मानाची गरज उरलेली नाही तिथं. हे दुसरं टोक मी पेन्सिल चालवताना विसरले होते.

पुन्हा तेविसावं स्तोत्र

आता ते स्तोत्र सर्वनामांवर बोट ठेवून वाचा. सुरुवातीला मेंढपाळाबद्दल सगळं तृतीय पुरुषात आहे: तो हिरव्या कुरणात नेतो, तो पाण्याजवळ नेतो. छान दिवसांत देवाबद्दल बोललं जातंय. मग चौथ्या ओवीत अंधारी दरी येते, आणि तिथं ‘तो’चा ‘तू’ होतो. भीती वाटल्याबरोबर गाणारा देवाबद्दल बोलायचं थांबवून देवाशी बोलायला लागतो. देव सोबत आहे असं सांगणाऱ्या त्या तुकड्यात हिब्रूत क्रियापदच नाही. ते ‘अत्ता’ या सर्वनामावर उभं आहे.

आणि मी नेमकं तेच सर्वनाम खोडलं होतं. आजोबांच्या मिस्सेत, जिथं सगळं घर त्या दरीत उभं होतं, तिथं मी देवाला ‘आपण’ म्हणून चार पावलं लांब ढकललं. वाचकानं वाचनमंचावर मजकूर बदलायचा नसतो, हा नियम मला माहीत होता. तो का आहे, ते आता कळलं. अनुवादकाचा प्रत्येक ‘तू’ कुणीतरी तोलून ठेवलेला असतो. पटला नाही तर शोधावं, विचारावं, वाद घालावा. पण आधी तो ‘तू’ तिथं का आहे हे समजून घ्यावं.

पुढच्या वेळी बायबल वाचाल तेव्हा अवघड शब्दांवर थांबालच, पण ‘तू, तो, आपण’ यांच्यावरही थांबून बघा. मराठीबरोबर कन्नड, कोंकणी, इंग्रजी, जे घरात असेल ते शेजारी ठेवा. जिथं चार पुस्तकं चार वेगळी सर्वनामं देतात, तिथं मुळात बहुतेक काहीतरी उघडं ठेवलेलं असतं.

या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, तेच स्तोत्र पुन्हा माझ्याकडं आलं. मी छापलं होतं तसं वाचलं. चौथ्या ओवीपाशी जरा थांबले आणि मग ‘तू’ म्हटलं. आज्जी पहिल्या बाकावर होती. ती काही बोलली नाही, फक्त ओठ हलवत माझ्याबरोबर म्हणत होती.